मोटारीचा ट्रक कसा झाला?

मुलांनो, आज सुरुवातीलाच एक कोडं घालते. चार दारं, पाच माणसांची जागा, गुबगुबीत सीटं, मागं सामानाला थोडी जागा. आई तिच्यातून ऑफिसला जाते, मुलं शाळेत जातात, रविवारी सगळे मिळून आजीकडे जातात. वाळू नाही, विटा नाहीत, उसाच्या मोळ्या तर नाहीतच नाहीत. तरी सरकारी कागदावर तिचं नाव ‘ट्रक’. सांगा पाहू, असं का?

कुणी म्हणेल, “बाई, कारकुनाची चूक झाली असेल.” छे! कारकून बिचारा अगदी बरोबर होता. त्याच्या पुढ्यात जो नियम होता, त्या नियमाप्रमाणे ती ट्रकच होती. हा नियम कुठून आला, ते समजायला आपल्याला पन्नास वर्षं मागं आणि सातासमुद्रापार अमेरिकेत जावं लागेल. उत्तर मी लगेच देणार नाही. वाचता वाचता तुम्हालाच सुचतं का बघा.

ऑक्टोबर १९७३. पश्चिम आशियात इजिप्त आणि सीरिया या देशांचं इस्राएलशी युद्ध पेटलं. अमेरिकेनं इस्राएलला शस्त्रं पुरवली. त्यावरून सौदी अरेबिया, कुवेत वगैरे अरब देश चिडले. त्यांच्या वाळवंटाखाली तेल उदंड. त्यांनी ठरवलं की अमेरिकेला तेल विकायचं नाही, आणि एकूणच जमिनीतून तेल कमी काढायचं. माल कमी झाला की भाव चढतो, हे तुम्हाला कांद्यावरून ठाऊक आहेच. जगाच्या बाजारात तेल पिंपाच्या हिशेबानं विकतात. एक पिंप म्हणजे सुमारे १५९ लिटर. युद्धाआधी पिंपाला तीन डॉलरच्या आसपास भाव होता. जानेवारी १९७४ मध्ये तो जवळजवळ बारा डॉलरवर गेला. तीन महिन्यांत चौपट!

झळ आपल्यालाही बसली. पेट्रोल महागलं म्हणून अटलबिहारी वाजपेयी त्या नोव्हेंबरात चक्क बैलगाडीतून संसदेत गेले होते. तेव्हा आपल्याकडे मोटारी होत्याच किती म्हणा! तुमच्या आजोबांकडे सायकल असली तर ती सुद्धा मिरवायची गोष्ट होती. अमेरिकेचं तसं नव्हतं. तिथं वस्त्या अशा लांब लांब पसरलेल्या की दूध आणायलाही मोटार काढावी लागायची. पेट्रोल नाही म्हणजे जणू पायच बांधले.

पंपांवर रांगा लागल्या, मैल मैल लांब. काही राज्यांनी नियम केला की गाडीच्या नंबराचा शेवटचा आकडा विषम असेल तर विषम तारखेला पेट्रोल, सम असेल तर सम तारखेला. रविवारी पंप बंद ठेवा, असं राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी पंपवाल्यांना सांगितलं. गाडी सावकाश हाकली की तेल कमी जळतं, म्हणून देशभर वेगाला ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची मर्यादा घातली.

आणि एक उपाय तर थेट शाळेच्या मुलांवर येऊन आदळला. ६ जानेवारी १९७४ ला ऐन हिवाळ्यात सगळ्या देशाची घड्याळं एक तास पुढं केली. हेतू हा, की संध्याकाळी उजेड जास्त वेळ राहील, दिवे उशिरा लागतील आणि वीज वाचेल. पण संध्याकाळी मिळवलेला उजेड सकाळीच कापला गेला ना! मुलं काळोखात शाळेला निघू लागली, हातात बॅटऱ्या घेऊन. काही शाळांनी आपली वेळच उशिराची केली. फ्लोरिडा राज्यात सकाळच्या अंधारात शाळकरी मुलांचे अपघात झाले आणि पालक खवळले. शेवटी त्याच वर्षी ऑक्टोबरात सरकारनं हिवाळ्यापुरता तो नियम मागं घेतला. ही गोष्ट मी मुद्दाम सांगितली. नियम करणाऱ्यानं एका टोकाला धरून ओढलं की दुसरं टोक कुठं हलतं, ते पाहावंच लागतं. आपल्या गोष्टीत पुढं असंच पुन्हा व्हायचं आहे.

आता मोटारींकडे वळू. त्या काळची अमेरिकन मोटार म्हणजे नांदता वाडा! लांबलचक, जड, पुढं भलंमोठं इंजिन. १९७४ च्या सुमारास तिथली नवी मोटार एका लिटरमध्ये सरासरी साडेपाच किलोमीटर जायची. आपल्याकडे कुणी गाडी घेतली की शेजारी पहिला प्रश्न काय विचारतात? “ॲव्हरेज किती देते?” साडेपाच ऐकल्यावर आपल्या शेजाऱ्यांनी कपाळाला हात लावला असता. पण तिथं पेट्रोल इतकं स्वस्त होतं की हा प्रश्न कुणाला पडलाच नव्हता. रांगेत उभं राहिल्यावर मात्र पडला.

मग २२ डिसेंबर १९७५ ला अमेरिकेत एक कायदा झाला. तोवर निक्सन जाऊन जेराल्ड फोर्ड राष्ट्राध्यक्ष झाले होते. कायद्यानं मोटार कंपन्यांना सांगितलं की तुम्ही वर्षभरात ज्या मोटारी विकाल, त्या सगळ्यांची मिळून सरासरी १९७८ मध्ये गॅलनला १८ मैल आली पाहिजे आणि १९८५ मध्ये साडेसत्तावीस मैल. त्यांचा गॅलन म्हणजे आपले पावणेचार लिटर आणि वर थोडंसं. आपल्या भाषेत बोलायचं तर लिटरला आधी साडेसात किलोमीटरांच्या थोडं वर, मग सुमारे ११.७. कमी पडलात तर दंड, आणि तोही विकलेल्या प्रत्येक गाडीमागे.

‘सगळ्यांची मिळून सरासरी’ हे शब्द नीट लक्षात ठेवा. समजा, आमच्या केंद्रातल्या साहेबांनी मला सांगितलं की तुमच्या वर्गाची सरासरी पन्नास गुण हवी. आता वर्गात एकाला तीस मिळाले तर मी काय करीन? त्याला शिकवीन हे तर झालंच. पण दुसऱ्या कुणाला सत्तर मिळाले की माझी सरासरी आपोआप पन्नास होते आणि तिशीवाला तसाच मागं राहतो. कंपन्यांचंही तसंच. एका भल्यामोठ्या मोटारीचं पाप झाकायला थोड्या काटकसरी मोटारी विकल्या की झालं. (खरा हिशेब थोडा निराळा असतो. तो मोठेपणी शिकाल, पण मतलब हाच.)

तरी कायद्याचा उपयोग झाला हे कबूल करायला हवं. १९७९ मध्ये इराणात क्रांती झाली, तेलाचा भाव पुन्हा भडकला, पुन्हा रांगा लागल्या. जपानच्या लहानखुऱ्या, काटकसरी मोटारी अमेरिकेत धडाधड खपू लागल्या. अमेरिकन कंपन्यांनीही मोटारींचा आकार कमी केला, वजन उतरवलं, इंजिनं सुधारली. १९८५ पर्यंत नव्या मोटारींची सरासरी दहा वर्षांपूर्वीच्या दुपटीवर गेली. कायदा एकीकडून ढकलत होता आणि भाव दुसरीकडून ओढत होता. दोघांची दिशा एकच, म्हणून गाडा हलला.

सरकारनं आणखी एक कर बसवला होता. १९७८ च्या कायद्यानं जी मोटार फारच कमी ॲव्हरेज देईल, तिच्यावर जादा कर. इंग्रजीत त्याला ‘गॅस गझलर टॅक्स’ म्हणतात. तिकडे पेट्रोलला गॅस म्हणायची रीत आहे, आणि गझलर म्हणजे घटाघटा पिणारा. ‘पेट्रोल ढोसणारीवरचा कर’ म्हणा ना! एखाद्या कराला इतकं रोखठोक नाव क्वचितच मिळतं. हा कर पुढं वाढत वाढत एका मोटारीमागे ७,७०० डॉलरपर्यंत गेला.

आता आपल्या कोड्याजवळ आलो आपण.

कायदा करणाऱ्यांपुढं एक अडचण होती. शेतकरी, गवंडी, सुतार, प्लंबर यांच्याकडे सामान वाहायच्या छोट्या गाड्या असत. मागं उघडा हौदा, पुढं चालकाची खोली. आपल्याकडे ‘छोटा हत्ती’ असतो ना, त्याचाच अमेरिकन दांडगा चुलतभाऊ. ओझं वाहणाऱ्या गाडीला तेल जास्त लागणारच. तिच्यावर मोटारीइतकाच कडक नियम लावला तर कष्टकऱ्याच्या पोटावर पाय येईल. म्हणून त्यांनी ‘हलका ट्रक’ असा वेगळा वर्ग केला आणि त्याला सवलत दिली. मोटारींना लिटरला ११.७ किलोमीटर, तर हलक्या ट्रकना १९९६ पासूनची कित्येक वर्षं पावणेनऊच्या आसपास. आणि तो ढोसणारीवरचा कर? तो हलक्या ट्रकना लागूच नाही.

हेतू चांगला होता. मी त्या जागी असते तर मीही कदाचित हेच केलं असतं. पण नियम हेतूवर चालत नाही, तो शब्दांवर चालतो. हलका ट्रक कशाला म्हणायचं? नियमात लिहिलं होतं: मागं उघडा हौदा असेल तर ट्रक. खडबडीत रानवाटांवर चालायची ताकद आणि जमिनीपासून पुरेशी उंची असेल तर ट्रक. मागची सीटं काढून तिथं माल ठेवायला सपाट जागा होत असेल, तरी ट्रक.

कंपन्यांच्या इंजिनिअरांनी हे वाचलं आणि त्यांचे डोळे चमकले. शाळेत नाही का, ‘डब्यात फक्त पोळी-भाजी आणायची’ असा नियम केला की दुसऱ्याच दिवशी कुणीतरी पोळीत गुंडाळून जिलबी आणतं!

त्यांनी ट्रकच्या सांगाड्यावर बंद टप चढवला, आत गालिचा घातला, गार हवेचं यंत्र बसवलं, संगीताची सोय केली. झाली एसयूव्ही! कागदावर ट्रक, अंगणात मोटार. १९८४ ची जीप चेरोकी गाजली, पण खरी धूम उडवली ती १९९० मध्ये आलेल्या फोर्ड कंपनीच्या एक्सप्लोररनं. ट्रकचा सांगाडा बनवायला सोपा आणि नियम सैल, म्हणून कंपन्यांना अशा गाड्यांत लहान मोटारीपेक्षा कितीतरी जास्त नफा सुटत होता. जाहिरातींत ही गाडी डोंगरमाथ्यावर उभी दिसायची. प्रत्यक्षात ती बहुतेक वेळा शाळेच्या आणि दुकानाच्या दाराशीच उभी असायची.

आणि कोड्यातली गाडी? ती क्रायस्लर कंपनीची पीटी क्रूझर. २००० साली आली. जुन्या सिनेमातल्या मोटारीसारखी दिसायची, गोलमटोल. चार दारं, पाच माणसं. पण मागची सीटं काढता यायची आणि खाली सपाट जागा व्हायची. झाली ट्रक! आता यातली मेख पाहा. ही गाडी त्या कंपनीच्या खऱ्या दांडग्या गाड्यांपेक्षा बरंच कमी पेट्रोल प्यायची. म्हणजे ती ‘ट्रकांच्या’ वर्गात येऊन बसली की त्या वर्गाची सरासरी सुधारणार, आणि मग त्याच वर्गात आणखी मोठे पेटारे विकायला वाव मिळणार. आठवा ते सत्तर गुणवालं पोर! सुबारू कंपनीनं २००४ मध्ये आपल्या आऊटबॅक नावाच्या मोटारीची ठेवण बदलली आणि ती जमिनीपासून थोडी उचलून घेतली. मोटार तीच. पण टाचा उंच केल्यावर तीही ट्रक ठरली.

तुम्ही विचाराल, “बाई, सरकारला हे दिसत नव्हतं का?” दिसत होतं. पण १९९० च्या दशकात तेल स्वस्त झालं होतं. १९९८-९९ मध्ये तर अमेरिकेत गॅलनभर पेट्रोल एका डॉलरच्या आसपास मिळायचं. रांगा विसरल्या गेल्या. मोठ्या गाड्या लोकांना आवडत होत्या आणि त्यांच्या कारखान्यांत हजारो माणसांना काम होतं. तिथल्या संसदेनं १९९६ ते २००१ ही वर्षं सरकारी खात्याला नियम कडक करायला पैसे खर्चण्याचीच मनाई केली होती. पेट्रोलवरचा केंद्राचा कर १९९३ मध्ये गॅलनला १८.४ सेंट ठरला, तो २०२५ संपलं तरी तेवढाच! तुमच्या घरातल्या कुठल्या वस्तूचा भाव १९९३ पासून हललेला नाही? विचारा आईला.

इथं थोडं थांबून एक सांगते, विशेषतः पालकांना. अशी गाडी घेणारा प्रत्येक माणूस उधळ्या होता असं मला वाटत नाही. घरात तीन मुलं, बाहेर गुडघाभर बर्फ, पेट्रोल स्वस्त आणि दुकानात हीच गाडी सवलतीत उभी. घेणारा घेणारच. रस्त्यावर सगळ्यांच्याच गाड्या उंच झाल्या की लहान मोटारीतल्या माणसाला धाक वाटतो आणि पुढच्या वेळी तोही उंच गाडी घेतो. पावसात सगळ्यांनी छत्र्या मोठ्या केल्या की लहान छत्रीवाला भिजतो, तसंच हे.

या साऱ्यावर कळस चढवला तो हमर एच-टू या गाडीनं. लष्करी गाडीच्या थाटाची ही गाडी २००२ मध्ये बाजारात आली. रिकामी असतानाच वजन जवळजवळ तीन टन, आणि ॲव्हरेज लिटरला जेमतेम चार किलोमीटर. मग दंड किती? शून्य! कारण हलक्या ट्रकांचा नियम भरलेल्या वजनानिशी ८,५०० पौंडांपर्यंतच्या, म्हणजे सुमारे ३,८५५ किलोंपर्यंतच्या गाड्यांनाच होता. हमर त्याहून जड. त्यामुळे नियम तिला लागू होईना. दुकानातल्या प्रत्येक नव्या गाडीच्या काचेवर ॲव्हरेजची पट्टी चिकटवावी लागते, तीही हिला लागेना. वर्गातल्या मोठ्या पोरानं इतकं मोठं व्हावं की हजेरीपटातूनच नाव निघावं, तसलाच प्रकार.

त्यात २००३ च्या करकायद्यानं आणखी भर घातली. धंद्यासाठी ६,००० पौंडांहून जड गाडी घेतली तर एक लाख डॉलरपर्यंतची किंमत त्याच वर्षी उत्पन्नातून वजा करून कर वाचवता येऊ लागला. सवलत शेतकऱ्यांच्या आणि बांधकामवाल्यांच्या ट्रकसाठी म्हणून होती. घेतली कुणी? डॉक्टरांनी, वकिलांनी, घरांच्या दलालांनी सुद्धा! ओरड झाली तेव्हा पुढच्या वर्षी ऑक्टोबरात अशा गाड्यांपुरती ही सवलत २५,००० डॉलरवर आणली. एका हातानं पेट्रोल वाचवा म्हणायचं आणि दुसऱ्या हातानं जड गाडीला बक्षीस द्यायचं. सरकारचे हात पुष्कळ असतात, आणि डाव्याचं उजव्याला कळतंच असं नाही.

पुढचं तुम्ही ओळखलं असेल. जुलै २००८ मध्ये तेलाचा भाव पिंपाला १४७ डॉलरवर गेला. अमेरिकेत गॅलन चार डॉलरच्या वर. कालपर्यंत मिरवायची गाडी आज दारातली पांढरा हत्ती झाली. विकायला काढली तर गिऱ्हाईक मिळेना. जनरल मोटर्स कंपनीनं ट्रक आणि एसयूव्हींचे चार कारखाने बंद करण्याचं जाहीर केलं. तिथल्या कामगारांच्या घरी त्या दिवशी काय झालं असेल, त्याचाही विचार करा. हमर एका चिनी कंपनीला विकायचा घाट घातला होता, तोही फसला आणि २०१० मध्ये हमरचं दुकान मिटलं. (नाव मात्र चिवट! ते आता विजेवरच्या गाडीला दिलंय. ती पेट्रोलचा थेंब पीत नाही, पण वजन चार टनांच्या वर.)

२००९ च्या उन्हाळ्यात तर सरकारच जुन्या गाड्या घेत होतं. जास्त पेट्रोल पिणारी जुनी गाडी द्या, काटकसरी नवी घ्या आणि साडेतीन किंवा साडेचार हजार डॉलरची सूट मिळवा. दोन महिन्यांत जवळजवळ पावणेसात लाख गाड्या आल्या. त्यांत एक्सप्लोरर पुष्कळ होत्या. या गाड्या पुन्हा रस्त्यावर येऊ नयेत म्हणून इंजिनातलं ऑईल काढून तिथं सोडियम सिलिकेटचं पाणी ओतायचे आणि इंजिन चालू करायचे. तापल्यावर त्या पाण्याची काचेसारखी खर धरते. मिनिटा-दोन मिनिटांत इंजिन घुसमटून कायमचं बंद! धडधाकट इंजिन असं मारताना मेकॅनिकांचा जीव हळहळला नसेल का?

आता वही काढा. एक गणित घालते. दोन घरं आहेत. दोघांचीही गाडी महिन्याला १,००० किलोमीटर चालते. पहिल्या घरची जुनी गाडी लिटरला ५ किलोमीटर जायची, नवी ८ जाते. दुसऱ्या घरची जुनी १० जायची, नवी २० जाते. पेट्रोल कुणी जास्त वाचवलं?

वर्गात विचारलं की सगळे ओरडतात, “दुसऱ्यानं! दुप्पट झालं ना!” मांडून पाहा. पहिल्या घराला आधी २०० लिटर लागायचं, आता १२५. वाचलं ७५ लिटर. दुसऱ्याला आधी १००, आता ५०. वाचलं ५०. म्हणजे सगळ्यात जास्त पिणारी गाडी थोडीशी जरी सुधारली तरी खूप वाचतं. आणि अमेरिकेच्या नियमानं नेमक्या त्याच गाड्यांना मोकळं सोडलं होतं. पाचवीच्या भागाकाराइतकंच हे गणित आहे.

नियम पुढं बदलले. डिसेंबर २००७ च्या कायद्यानंतर मोटार असो वा हलका ट्रक, गाडीच्या चारही चाकांमधली जागा मोजून तिला किती ॲव्हरेज द्यायला हवं ते ठरू लागलं. चाकांमधली जागा मोठी, तर अपेक्षा कमी. तुमच्या लक्षात आलंच असेल! गाडी थोडी रुंद आणि लांब केली की परीक्षा सोपी. मोटार आणि ट्रक हे दोन वर्गही तसेच राहिले. २०१४ च्या अखेरीस तेल पुन्हा गडगडलं, मोठ्या गाड्या पुन्हा मागणीत आल्या, आणि एप्रिल २०१८ मध्ये फोर्ड कंपनीनं सांगून टाकलं की अमेरिकेत आम्ही आता मस्टँग सोडून साध्या मोटारी विकणार नाही. १९७५ च्या सुमारास तिथं विकल्या जाणाऱ्या दर पाच गाड्यांत चार मोटारी असत. आता पाचांतल्या चार ‘हलके ट्रक’ असतात. आणि कमी पडणाऱ्या कंपनीला जो दंड होता, तो जुलै २०२५ मधल्या एका कायद्यानं शून्य डॉलर केला आहे. नियम पुस्तकात आहे, छडी मात्र काढून घेतली.

हे सगळं परक्यांचं आहे म्हणून हसू नका. आपल्याकडेही नियमाच्या मापानं गाड्या बेतल्या जातात. २००६ च्या अर्थसंकल्पात आपल्या सरकारनं चार मीटरच्या आतल्या, लहान इंजिनाच्या मोटारींवरचं उत्पादन शुल्क २४ टक्क्यांवरून १६ टक्क्यांवर आणलं. २००८ मध्ये पुण्याच्या टाटा मोटर्सनं इंडिगो मोटारीची मागची डिकी आखूड करून नवी इंडिगो सीएस काढली. लांबी ३,९८८ मिलिमीटर. चार मीटरला अवघे बारा मिलिमीटर कमी! तुमच्या कंपासपेटीतल्या पट्टीवर बारा मिलिमीटर बघा म्हणजे कळेल. चार मीटरची ती रेघ अजून पुसलेली नाही. २२ सप्टेंबर २०२५ पासून रेघेच्या आतल्या लहान इंजिनाच्या मोटारींना १८ टक्के जीएसटी, बाहेरच्या पेट्रोल-डिझेलच्या मोटारींना ४०.

नाशिकच्या मुलांसाठी आणखी एक. डिसेंबर २०१५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं दिल्ली परिसरात २,००० सीसी आणि त्याहून मोठ्या इंजिनाच्या डिझेल मोटारींची नोंदणी थांबवली. धूर फार झाला होता. तुमच्याच गावात तयार होणाऱ्या स्कॉर्पिओचं इंजिन होतं सुमारे २,२०० सीसीचं. महिन्याभरात महिंद्र कंपनीनं दोन हजारांच्या किंचित खाली बसणारं नवं इंजिन आणलं. ऑगस्ट २०१६ मध्ये बंदी उठली आणि तिच्या जागी मोठ्या इंजिनांवर किमतीच्या एक टक्का आकार आला. कंपनीनं काही बेकायदा केलं का? मुळीच नाही. रेघ दोन हजारांवर ओढली होती, ते रेघेच्या अलीकडे येऊन उभे राहिले.

मग पेट्रोलच महाग करावं का? पुष्कळ अर्थतज्ज्ञ तसं म्हणतात. भावाला पळवाट नसते, जो जितकं जाळेल तितकं मोजेल. मला हे अर्धं पटतं. कारण २९ मे २०२१ ला मुंबईत पेट्रोल शंभर रुपयांच्या वर गेलं, तेव्हा बंगल्यातल्या मोठ्या गाडीवाल्याला फरक पडला नाही, पण फटफटीवरून वीस किलोमीटर कामाला जाणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गवंड्यानं डब्यातलं काहीतरी कमी केलं. नियमाला भोकं पडतात आणि भाव गरिबाला आधी चावतो. मी सरकार असते तर दोन्ही वापरले असते, आणि नियमाचं पुस्तक छापण्याआधी चार द्वाड पोरांना वाचायला दिलं असतं. भोकं कुठं आहेत ते त्यांनी दहा मिनिटांत दाखवलं असतं.

पेट्रोलइतकीच आणखी एक गोष्ट या उंच गाड्यांनी बदलली, आणि ती तुमच्याशी थेट जोडलेली आहे. अमेरिकेतल्या विमा कंपन्यांच्या रस्ते सुरक्षा संस्थेनं २०२३ मध्ये हजारो अपघात तपासले. ज्या गाडीच्या बॉनेटची पुढची कड ४० इंचांहून उंच, तिची धडक बसलेला पायी माणूस दगावण्याची शक्यता बुटक्या, उतरत्या नाकाच्या मोटारीपेक्षा सुमारे ४५ टक्क्यांनी जास्त निघाली. बुटकी मोटार पायांना लागते. उंच गाडी छातीला आणि डोक्याला. ४० इंच म्हणजे १०२ सेंटिमीटर. पहिलीतलं मूल एवढ्या उंच नाकापुढं उभं राहिलं तर चालकाला त्याच्या डोक्याचा नुसता शेंडा दिसेल, तोही दिसला तर.

तेव्हा या आठवड्याचा उपक्रम असा. घरातलं मोठं माणूस बरोबर घ्या. ओळखीच्या कुणाची जीप किंवा एसयूव्ही अंगणात बंद उभी असेल तिथं जा, मालकाला विचारा, आणि टेपनं जमिनीपासून बॉनेटच्या पुढच्या कडेपर्यंतची उंची मोजा. मग एखाद्या लहान मोटारीची मोजा. घरी येऊन दाराच्या चौकटीवर खडूनं दोन्ही खुणा करा आणि त्या खुणांशेजारी घरातल्या सगळ्यात धाकट्याला उभं करा. तिन्ही आकडे वहीत लिहून ठेवा.